लागणे आणि लावून घेणे : ‘एकच प्याला’तील सुधाकर

‘एकच प्याला’ या नाटकावरील एक आक्षेप फार जुना आहे आणि तो अजूनही अधूनमधून ऐकू येतो. सुधाकरासारखा बुद्धिमान, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला वकील न्यायालयातील एका अपमानाने मद्याकडे वळतो आणि मग घर, पत्नी, मूल व स्वतः अशा सर्वांचा नाश ओढवून घेतो, हे पटण्यासारखे नाही; कारण आणि परिणाम यांचे प्रमाण जुळत नाही; शोकांतिकेच्या नायकाला कोसळण्यासाठी याहून मोठा आघात हवा होता, असा या आक्षेपाचा आशय. त्यावरचे उत्तरही ठरलेले आहे. गडकऱ्यांना मद्यपानाचे दुष्परिणाम दाखवावयाचे होते. पहिला प्याला कोणत्या निमित्ताने ओठाला लागला याला त्यांच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते, असे ते उत्तर. मला आक्षेपही अपुरा वाटतो आणि उत्तरही. दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते म्हणजे निमित्त क्षुल्लक असल्याचे. हे क्षुल्लकपण हीच या नाटकातील सर्वांत खरी गोष्ट आहे, आणि हे नाटक मद्याविषयी जितके आहे त्याहून अधिक ते झिडकारले जाण्याच्या धास्तीविषयी आहे, असे मला येथे मांडावयाचे आहे.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकाला या नाटकाविषयी थोडी अधिक जवळीक वाटावी असे त्याचे जन्मवृत्त आहे. गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत, नवसारीकडचा. त्यांचे देहावसान २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला झाले. वय अवघे तेहतीस. त्यानंतर महिना उलटण्याच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला तो बडोद्याला. गणपतराव बोडस सुधाकर झाले होते, बालगंधर्व सिंधू. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. नाटककाराने स्वतः न पाहिलेले हे नाटक मराठी रंगभूमीवर शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले आहे. या काळात आपण ते मुख्यतः दोन कारणांसाठी पाहिले : सिंधूची पदे ऐकण्यासाठी आणि दारूचे दुष्परिणाम पाहून हळहळण्यासाठी. सुधाकर मुळात कोण होता, हा प्रश्न या दोन्ही कारणांच्या आड राहिला.

त्या प्रश्नाकडे जाण्याची वाट आपल्या भाषेतच आहे. एखाद्याच्या बोलण्याने दुसऱ्याला दुःख झाले तर आपण ‘त्याचे बोलणे लागले’ असे म्हणतो. दगड लागतो, ठेच लागते, तसाच शब्दही लागतो. शरीराच्या आणि मनाच्या इजेला मराठीने एकच क्रियापद दिले आहे. पण याच्याच शेजारी आणखी एक प्रयोग आहे : ‘मनाला लावून घेणे’. लागणे ही आपल्यावर येऊन पडलेली गोष्ट, लावून घेणे ही आपण केलेली. शब्द एकच, माणूसही एकच. पण पहिल्यात तो ज्याला इजा झाली तो असतो आणि दुसऱ्यात त्या इजेला घरात आणून तिची जोपासना करणारा. या दोहोंतली सीमारेषा कोठे आहे हे ज्याचे त्यालाही सहसा सांगता येत नाही. सुधाकराची सारी शोकांतिका त्या सीमारेषेवर घडते.

न्यायालयातील तो प्रसंग गडकऱ्यांनी रंगमंचावर आणलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. नव्याने आलेल्या मुन्सफाशी सुधाकराचा खटका उडतो आणि त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते, एवढे आपल्याला कळते. त्यांच्यासारख्या वक्तृत्वप्रिय नाटककाराने हा प्रसंग हातचा का सोडला असावा? भर न्यायालयातील वादावादी, अपमान, संतापाने फुललेला नायक असा प्रवेश त्यांनी दणक्यात लिहिला असता. तो लिहिला असता तर प्रेक्षकांना तेथे न्याय-अन्यायाचा निवाडा करता आला असता. मुन्सफ किती चुकला, सुधाकर किती चुकला, हे मापता आले असते. नाटककाराने ते माप आपल्या हाती दिले नाही. आपल्याला न्यायालय दिसत नाही, दिसतो तो तेथून परतलेला माणूस. म्हणजे काय लागले ते गुलदस्त्यात राहते आणि कसे लावून घेतले ते अंकामागून अंक उलगडत जाते. सनद कायमची गेलेली नाही, पोटापाण्याची भ्रांत पडलेली नाही, घरी समजूतदार पत्नी आहे, मित्र आहेत. वस्तुस्थिती इतकी सावरण्याजोगी ठेवून नाटककाराने आपले लक्ष वस्तुस्थितीवरून काढून घेतले आहे, असे मला वाटते.

मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत या विषयाचा पद्धतशीर विचार केला आहे. साहित्याच्या कुलपाला शास्त्राची किल्ली लावण्याची हौस मला नाही. तरी येथे त्या विचाराची थोडी मदत घेणे योग्य होईल. कारेन हॉर्नाय या विदुषीने १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, किरकोळ नकारानेही ज्यांना आपण पूर्णपणे अव्हेरले गेलो असे वाटते अशा माणसांविषयी लिहिले होते. पुढे १९९६ साली जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी या स्वभावविशेषाची तीन अंगे सांगितली. अशी व्यक्ती नकाराची धास्तावून वाट पाहत असते. दुसऱ्याच्या संदिग्ध वागण्यातही तिला तो चटकन दिसतो. आणि दिसला की तिची प्रतिक्रिया प्रसंगाच्या मानाने फार तीव्र होते. या प्रतिक्रियेला कंटाळून जवळची माणसे खरोखरच दूर जाऊ लागतात, आणि ज्याची भीती होती ते खरे ठरते. या क्रमातील महत्त्वाची पायरी पहिली आहे. नकार मिळण्यापूर्वीच माणूस त्याच्या स्वागताला दारात उभा असतो.

दुसरे संशोधन ताणाविषयीचे आहे. माणसाला आयुष्यातील मोठी संकटे मोडतात, हा सर्वसामान्य समज. १९८१ साली रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो. हे वाचल्यावर कारण-परिणामांच्या प्रमाणाविषयीचा तो जुना आक्षेप मला बराच दुबळा वाटू लागला. माणसाच्या मनाचा हिशेब ॲरिस्टॉटलच्या तराजूवर होत नाही. राजे राज्ये गमावून ताठ उभे राहतात. आणि कचेरीतल्या एका शब्दाने एखाद्या कारकुनाची वर्षभराची झोप उडते.

ही तीन अंगे मनात ठेवून नाटकाचे संविधानक पाहावे. सुधाकर गरिबीतून वर आला आहे. सिंधू श्रीमंत घरची. म्हणजे ज्या घरात त्याने पाऊल टाकले तेथे आपली पात्रता रोज नव्याने सिद्ध करावी लागेल ही जाणीव अपमानाच्या आधीपासूनच त्याच्या मनात असणार. ती कोणी बोलून दाखवीत नाही. तशी गरजही नसते. वडीलभावाच्या मायेने वागणारा रामलाल विलायतेला निघालेला आहे, त्यामुळे ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असा एकमेव माणूस नेमक्या वेळी दूर आहे. उरतो तो तळीराम. तळीरामाचे यश मद्याच्या गुणवर्णनात नाही. तो सुधाकराला काही विचारीत नाही, काही समजावीत नाही आणि त्याच्याकडून कसली अपेक्षाही ठेवीत नाही. नकाराला भ्यालेल्या माणसाला असा सोबती फार सुखाचा वाटतो. आर्यमदिरामंडळाचे प्रवेश आपण विनोदासाठी लक्षात ठेवले; पण जगात जेथे कोणालाही ‘नाही’ म्हटले जात नाही अशी ती एकमेव सभा आहे, हेही त्या विनोदात दडलेले आहे.

यापुढे सुधाकराला प्रत्येक गोष्टीत एकच अर्थ दिसू लागतो. उपदेश म्हणजे तुच्छता. मदत म्हणजे भीक. सिंधूचे अश्रू म्हणजे मुकाट आरोप. तिचा भाऊ पद्माकर बहिणीच्या काळजीने धावून येतो, ते सुधाकराला आपल्या नाकर्तेपणाचे प्रदर्शन वाटते, आणि तो तिला माहेरच्या आधारापासून तोडतो. शेवटी रामलाल आणि सिंधू यांच्याविषयीचा संशय. येथे आपल्या समीक्षकांना ‘ऑथेल्लो’ आठवतो आणि ते स्वाभाविकही आहे. देवलांच्या ‘झुंजारराव’मुळे तो मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा होताच. परंतु फरक मोठा आहे. ऑथेल्लोच्या मनात संशय बाहेरून पेरावा लागतो, त्यासाठी इयागोला केवढा खटाटोप करावा लागतो. सुधाकराच्या मनात जमीन आधीच नांगरून ठेवलेली आहे. आपण नाकारले जाणार हे त्याचे पक्के झालेले आहे; फक्त कोणाकडून एवढाच तपशील भरावयाचा राहिला आहे. तो तळीरामासारख्या सामान्य माणसाच्या कुजबुजीनेही भरला जातो. संशयाचे हे रूप सौम्य अवस्थेत किती हास्यास्पद असते ते देवलांनीच ‘संशयकल्लोळ’मधील फाल्गुनरावाच्या निमित्ताने दाखविले आहे. फाल्गुनराव आणि सुधाकर एकाच जातीचे आहेत, असे म्हटले तर काहींना राग येईल. फाल्गुनरावाजवळ नकार पचविण्यासाठी पैसा आहे, घर आहे आणि तोडीस तोड बोलणारी कृत्तिका आहे, म्हणून त्याची कहाणी प्रहसन झाली.

पण हा केवळ एका माणसाच्या स्वभावाचा दोष म्हणावा काय? येथे मानसशास्त्राची सोबत सोडून थोडे समाजाकडे वळावे लागेल. जमिनीवर जगणाऱ्याची प्रतिष्ठा जमिनीत असते, कारागिराची हातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे जो पांढरपेशा वर्ग तयार झाला त्याची सारी प्रतिष्ठा दुसऱ्याच्या नजरेत होती. वकिलाची सनद एका न्यायाधीशाच्या लेखणीच्या फटकाऱ्याने थांबत होती, कारकुनाची बढती साहेबाच्या शेऱ्यावर अवलंबून होती. या वर्गाला ‘मान’ या शब्दाचे इतके वेड का, याचे उत्तर येथे आहे. ज्याच्याजवळ मानावाचून दुसरे भांडवल नाही तो मानाला जपणारच. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ सालचे आणि त्याची लोकप्रियता काही नुसत्या संगीताची नव्हती.

आपल्या पूर्वजांच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या संस्थानांत किंवा निजामाच्या राज्यात जी मराठी घराणी नोकरीपेशाने स्थिरावली त्यांची शेतीवाडी आणि भाऊबंद दूर राहिले होते. येथे त्यांचे स्थान दरबारच्या मर्जीवर, दिवाणाच्या एका शब्दावर होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात एखाद्या पणजोबांची गोष्ट सांगितली जाते. साहेब एक शब्द वावगा बोलले, त्यांनी तेथल्या तेथे पागोटे सावरले, राजीनामा ठेवला आणि पुन्हा म्हणून त्या कचेरीची पायरी चढले नाहीत. गोष्ट सांगणाऱ्याचा ऊर अभिमानाने भरून येतो, आणि त्या अभिमानात खोटे काही नाही. ताठ कण्याचे मोल मी कमी लेखीत नाही. मात्र पायरी चढायची नाही असे ठरविल्यावर पुढची वीस वर्षे घरात चूल कशी पेटली, पापड-सांडगे कोणी विकले, दागिने कोणाचे मोडले, आणि संध्याकाळी त्या मानी पुरुषासमोर ताट ठेवताना घरातली मुले श्वास रोखून का बसत, हा भाग गोष्टीत येत नाही. तो सांगणारी माणसे मुदपाकखान्यात होती. ‘एकच प्याला’चे मोठेपण असे की त्याने पणजोबांची गोष्ट सांगता सांगता रंगमंचावर जातेही आणून ठेवले.

सिंधू दळणे दळते. दळणाचे पैसे, त्यातून तान्ह्या मुलाचे दूध, नवरा कोणत्या अवस्थेत घरी येईल याचा अंदाज, शेजाऱ्यांच्या नजरा : लाझारसने ज्यांना कटकटी म्हटले त्यांची यादी करावयाची तर ती सिंधूची करावी लागेल, सुधाकराची नव्हे. नकारही तिच्या वाट्याला अधिक आले. नवऱ्याने तिला संशयाने झिडकारले, माहेराचे दार नवऱ्याच्या हट्टापायी तिने स्वतः लावून घेतले. असे असूनही नाटकात आणि नाटकाबाहेरही लावून घेण्याची मुभा तिला नाही. तिला लागते, सतत लागते. पण ते लावून घेतले तर संसार कोणी ओढावा? मानीपणा ही पुरुषाला परवडणारी चैन आहे, हे वाक्य गडकऱ्यांनी कोठे लिहिलेले नाही. पातिव्रत्यावर त्यांची श्रद्धा होती आणि सिंधूच्या सहनशीलतेचा त्यांनी गौरवच केला आहे. आजच्या वाचकाला, विशेषतः वाचिकेला, तो गौरव खुपतो. पण लेखकाची श्रद्धा एकीकडे आणि त्याच्या निरीक्षणाने मांडलेला पुरावा दुसरीकडे, असे चांगल्या नाटकांत नेहमीच घडते. मला तरी येथे पुरावा अधिक बोलका वाटतो.

सुधाकर आणि सिंधू यांच्या दोन्ही बाजूंना गडकऱ्यांनी आणखी दोन पात्रे ठेवली आहेत, त्यांच्याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. एक भगीरथ. हाही मद्याकडे वळतो तो प्रेमभंगाने, म्हणजे सुधाकराच्या अपमानापेक्षा कितीतरी उघड अशा नकाराने. पण तो सावरतो. रामलालाच्या सहवासात त्याला स्वतःपलीकडचे काम मिळते आणि आपल्याला कोणी नाकारले हा प्रश्न त्याच्यापुरता मागे पडतो. हे उपकथानक थोडे बोधप्रधान आहे, रंगतही नाही. तरी मुख्य कथानकाला ते छेद देते. नकार मिळाला म्हणून माणूस बुडतोच असे नाही, हे त्याच नाटकात सिद्ध होते. दुसरी गीता, तळीरामाची बायको. तिला लागले की ती तेथल्या तेथे बोलून मोकळी होते. प्रेक्षक हसतात. मला प्रत्येक वाचनात असे वाटत आले आहे की नाटकातील सर्वांत निरोगी मन तिचे आहे, आणि विनोदी पात्राच्या मुखवट्याआडूनच गडकऱ्यांना ते दाखविता आले.

आता ज्या प्रवेशासाठी मी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. मध्यंतरी सुधाकर भानावर येतो. मद्य सोडण्याचा त्याचा निश्चय खरा असतो. तो कामाच्या शोधात गावातील प्रतिष्ठित परिचितांकडे जातो, आणि तेथे त्याला अवहेलना मिळते. जे कधीकाळी त्याच्या बैठकीत बसत ते त्याला ओळख देत नाहीत, टोमणे मारतात, वाटेला लावतात. तो परततो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्या अपमानाचा प्रसंग न दाखविणाऱ्या नाटककाराने ही दुसरी अवहेलना मात्र आपल्यासमोर आणली आहे. या निवडीत फार मोठी न्यायबुद्धी आहे. पहिल्या वेळी सुधाकराने लावून घेतले होते. या वेळी त्याला खरोखर लागले आहे. पहिला नकार मोठा करून पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला अखेर खराखुरा, पूर्ण आकाराचा नकार येतो, आणि तो देणारे हात अब्रूदार लोकांचे असतात. आजवर जी धास्ती आपण त्याच्या मनाचा खेळ म्हणून पाहत होतो ती जगाने खरी करून दाखविली. धास्ती, वर्तन आणि नकार यांचे वर्तुळ १९९६ साली संशोधकांनी मांडले. ते एका नाटककाराने १९१९ पूर्वी दोन प्रवेशांच्या अंतरात बंद केलेले आहे. त्यात त्याने एक भर अशी घातली की या वर्तुळाचा अर्धा भाग समाजाने काढलेला असतो. मद्यपीच्या अवस्थांविषयीचे सुधाकराचे भाषण प्रसिद्ध आहे, पाठ म्हटले जाते. पण नाटकाची खरी नस मला त्या भाषणात न सापडता या भटकंतीत सापडते. सनद गेलेला वकील येथे पहिल्यांदा काही मागतो आहे. मागणे हे त्याच्या स्वभावाला किती जड गेले असेल!

वेदनाशामक म्हणून मद्याचा विचार केला तर ‘लागणे’ या क्रियापदाकडे पुन्हा यावे लागते. २००३ साली नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरील चेंडूच्या खेळातून वगळल्या गेलेल्या व्यक्तींच्या मेंदूत जे भाग उद्दीपित झाले त्यांतील काही शारीरिक वेदनेशी निगडित असलेले होते. या निष्कर्षांच्या अर्थाविषयी पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण चेंडू आपल्याकडे फेकला गेला नाही, इतक्या क्षुद्र गोष्टीनेही माणसाला काहीतरी लागते, हे ‘एकच प्याला’च्या आक्षेपकांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

सुधाकराचा वंश पुढे मराठी साहित्यात वाढला. मात्र त्याने मद्य सोडले आणि अधिक सभ्य साधने हाती घेतली. विश्राम बेडेकरांच्या १९३९ सालच्या ‘रणांगण’चा नायक चक्रधर हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा. एका प्रेमभंगाने पोळलेला हा तरुण पुन्हा पोळायचे नाही म्हणून मनाचे दार बंद करून बसला आहे. युरोपातून परतताना बोटीवर त्याला हॅर्टा भेटते. ही ज्यू तरुणी जर्मनीतून परागंदा झालेली. एका बाजूला एका स्त्रीने नाकारलेला पुरुष, दुसऱ्या बाजूला एका देशाने नाकारलेली स्त्री. आणि दोघांत प्रेम करण्याचे धैर्य आहे ते तिच्याजवळ. हॅर्टा अखेर समुद्रात उडी घेते. चक्रधर कोणावर हात उगारीत नाही, घर मोडीत नाही. तो फक्त वेळेवर ‘हो’ म्हणत नाही. नकाराला भिणारा माणूस स्वतः किती सहजपणे नकार देतो, हे बेडेकरांनी दाखविले. गडकऱ्यांनी तेच वीस वर्षांपूर्वी भडक रंगांत दाखविले होते. रंग भडक म्हणून आपण त्याला केवळ मद्यनिषेधाचे नाटक ठरविले आणि ‘रणांगण’ला मात्र मनोविश्लेषणाचे श्रेय दिले. हा पंक्तिप्रपंच मला मान्य नाही.

मराठी समीक्षेची एक सवयही या निमित्ताने नोंदवावीशी वाटते. ‘संवेदनशील’ हे विशेषण आपण प्रशस्तिपत्रासारखे वापरतो. नायक संवेदनशील आहे असे म्हटले की त्याचे पुढचे पुष्कळसे माफ होते. पण सुधाकराची संवेदनशीलता एकाच दिशेला उघडी आहे : त्याला काय वाटते तिकडे. सिंधूला काय वाटत असेल याची संवेदना त्याला शेवटच्या प्रवेशापर्यंत होत नाही. त्वचा पातळ असणे आणि मन विशाल असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आपली सहानुभूती त्याच्याकडे जाते ती बऱ्याच अंशी गडकऱ्यांच्या भाषेमुळे. कल्पनांवर कल्पना, उपमांवर उपमा रचीत जाणारे ते गद्य सुधाकराला मिळाले आहे. त्याची इजा इतक्या ऐश्वर्याने बोलते की तिची खातरजमा करण्याचे भानच आपल्याला राहत नाही. सिंधूच्या वाट्याला साधे बोलणे आले आणि पदे आली. त्या पदांचे शब्द गडकऱ्यांचे नव्हते, सूर बालगंधर्वांचे होते. तिच्या मनाचे काय झाले ते आपण ऐकले, पण राग-तालाच्या आनंदात.

म्हणून हे नाटक पुन्हा कोणी करावयास घेतले, आणि २०१९ साली त्याची शताब्दी होऊन गेल्यानंतरही ते कोणी ना कोणी घेईलच, तर माझी एक सूचना आहे. शेवटच्या अंकात मूल दगावले आहे, सिंधू मृत्युशय्येवर आहे. फौजदार येतो आणि काय घडले ते विचारतो. आपण पडलो, असे ती सांगते. नवऱ्याचे नाव घेत नाही. या क्षणी दिग्दर्शक बहुधा सर्व प्रकाश सिंधूवर ठेवतात आणि प्रेक्षागृहात डोळे पुसले जातात. त्याऐवजी प्रकाश थोडा सुधाकराकडे वळवावा. आयुष्यभर ज्याने प्रत्येक शब्दात नकार ऐकला, त्याच्यासमोर कोणीतरी प्राण जात असतानाही त्याला नाकारावयाचे नाकारते आहे. ते ऐकताना त्या नटाचा चेहरा कसा होतो, ते प्रेक्षकांना दिसले पाहिजे. तो त्यानंतर विषाचा प्याला उचलतो.